रेव्हरंड टिळकांचे उघडे दार

टिळक म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते: पुणेरी पगडी, भेदक डोळे आणि ‘केसरी’चा अग्रलेख. त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतून, लोकमान्यांच्या मागोमाग पाच-सहा वर्षांनी, दुसरा एक टिळक जन्माला आला. शाळेच्या पुस्तकात त्याच्या कवितेखाली ‘रेव्हरंड’ हा शब्द छापलेला असतो. त्या शब्दाचा अर्थ आम्हांला कुणी फारसा सांगितला नाही. नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी, एवढेच आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. फुले त्यांच्या कवितेत आहेत हे खरे. पण मुले? ती कवितेपेक्षा त्यांच्या घरात अधिक होती. कुणाची तरी, कुठली तरी, कधी दुष्काळाने घराबाहेर काढलेली, कधी कवितेच्या वेडाने आपण होऊन आलेली. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळीत तरुण मुलांच्या मनाची मशागत कशी होत होती आणि या विलक्षण माणसाने त्या मशागतीत काय भर घातली, हे शोधावे म्हणून मी त्यांच्या चरित्राकडे वळलो. ग्रंथालयातून ‘स्मृतिचित्रे’ घेतले, ते चार रात्री खाली ठेवता आले नाही.

६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव या कोकणातल्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. चित्पावन ब्राह्मणाचे घर, वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि स्वभावाने जमदग्नी. आई जानकीबाई मात्र हळवी, पदे रचणारी आणि देवभोळी. मुलाचा ओढा सगळा आईकडे. ती गेली तेव्हा नारायणाचे वय जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते. ज्या घरात आई नाही त्या घरात आपले काय, असे वाटून हे पोर घराबाहेर पडले आणि नाशिकला आले. टिळकांच्या पुढच्या आयुष्यात पोरक्या मुलांविषयीची जी विलक्षण माया दिसते तिचे मूळ मला येथे दिसते. पुस्तकात तसे लिहिलेले नाही, पण बारा वर्षांचा मुलगा परक्या गावात एकटा फिरतो तेव्हा त्याला कोणाचे तरी दार उघडे सापडावे लागते, आणि ज्याला ते सापडले तो पुढे आपले दार लावून घेत नाही, एवढे समजायला पुस्तक कशाला हवे?

नाशिकला त्यांना गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा संस्कृतज्ञ गुरू लाभला. इंग्रजी शाळाही थोडी झाली. परंतु पदवी नाही, कायमची नोकरी नाही. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची अकरा-बारा वर्षांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. याच पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई. संसार सुरू झाला तो पायाला भिंगरी बांधूनच. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन, परवा पुराण, तेरवा एखादे मासिक. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, तेव्हा जरा स्वास्थ्य आले. पण मन स्वस्थ नव्हते. जातिभेदाने हा देश पोखरला आहे, मूर्तिपूजेने मन भरत नाही, मग या देशाला तारील असा धर्म कोणता, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. स्वतःचाच एक नवा धर्म काढावा इथपर्यंत मजल गेली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचायचे कबूल केले होते म्हणून वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. पुढची दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार, वाद आणि तळमळ यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ या रविवारी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय तेहतीस.

तो दिवस टिळकांच्या आनंदाचा असेल, पण सव्वीस वर्षांच्या लक्ष्मीबाईंवर वीज कोसळली. नवरा जिवंत आणि तरी नाही. लहानगा दत्तू पदराशी, आणि सासर-माहेरची सारी माणसे सांत्वन करायला जमलेली, जणू घरात मयत झाले आहे. पाच वर्षे ही बाई नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिली. टिळकांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु एका माणसाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने न विचारता भरावी लागली, हेही या चरित्रात लिहिले पाहिजे. स्तुतिपर लेखांतून ते दोन ओळींत उरकले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. येथे जरा थांबून नगरच्या त्या मंडळीचे रूप समजून घ्यायला हवे. मंडळी म्हणजे आपल्या बोलण्यातली चार माणसे नव्हेत. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्च, उपासनेला जमणारा आणि एकमेकांना बांधलेला समाज. अमेरिकन मिशनरी मुंबईला १८१३ साली आले, नगरला १८३१ साली. तेथे त्यांनी मुलामुलींच्या शाळा काढल्या. सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळेचे नाव फुले दांपत्याच्या चरित्रात आपण वाचतोच. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. गावोगाव, विशेषतः महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून, लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या पोरांच्या हाती पाटी-पेन्सिल आली. याचे मोल पुस्तकात वाचून कळणार नाही. ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी पाटी धरली नव्हती त्याला ते लवकर कळते. मी त्यांपैकीच एक, म्हणून हे अधिकाराने लिहितो.

या मंडळीत मुलगा कसा वाढत असे? गावात शाळा असे, ती बहुधा एकशिक्षकी, आणि तोच शिक्षक रविवारी उपदेशक. आठवडाभर ज्याने बाराखडी गिरवून घेतली तोच रविवारी येशूच्या गोष्टी सांगणार. शब्बाथशाळेत वचने पाठ, गीते पाठ. मुलगा हुशार निघाला की त्याला नगरच्या बोर्डिंगात पाठवायचे. तेथून काही मुले शिक्षक होण्याच्या वर्गात जात, काही सर दिनशा पेटिट यांच्या नावाच्या उद्योगशाळेत सुतारकी-लोहारकी शिकत, आणि थोडी थिऑलॉजिकल सेमिनरीत. ही सेमिनरी १८७८ साली रॉबर्ट ह्यूम या मिशनऱ्याने नगरला उभारली. ह्यूमसाहेबांचा जन्म मुंबईचा, वडीलही मिशनरी, मराठी अस्खलित. सेमिनरीतून निघालेला तरुण पुन्हा खेड्यात शिक्षक-उपदेशक म्हणून जाई, आणि अनुभवाने पिकला म्हणजे एखादी मंडळी त्याला पाळक म्हणून बोलावी. या पंथाची रीत अशी की पाळक वरून नेमून येत नाही, मंडळीच्या सभासदांनी तो निवडायचा. शिवाय तरुणांची म्हणून एन्डेव्हर सोसायटी असे. अमेरिकेत १८८१ साली निघालेली ही चळवळ पुढे या मिशनच्या मंडळ्यांतही आली. तिचा मुख्य नेम असा की प्रत्येक सभासदाने भाग घेतलाच पाहिजे. कुणी प्रार्थना करायची, कुणी वचन वाचायचे, कुणी आजाऱ्याची विचारपूस करून यायचे. लाजाळू पोरालाही केव्हा तरी चार माणसांपुढे उभे राहावे लागे.

पद्धत बांधेसूद होती यात शंका नाही. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. एक, या साऱ्या शिडीच्या वरच्या टोकाला पगार देणारा गोरा साहेब बसलेला होता. खेड्यातल्या उपदेशकाचा पगार मिशनकडून, बदली मिशनकडून, कौतुक आणि कानउघाडणीही मिशनकडून. त्यामुळे पोटासाठी बाटले हा गावकऱ्यांचा टोमणा त्या पोरांना जन्मभर ऐकावा लागे आणि त्यावर मोठ्या आवाजात उत्तर देता येत नसे. दुसरी उणीव गाण्याची. देवळात म्हणायच्या गीतांपैकी पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे, चालीही तिकडच्याच. मराठी शब्द त्या चालींवर कसेबसे बसवलेले असत. अपवाद होते. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या पुष्कळ आधी ख्रिस्ती कीर्तने उभी केली होती. तरी एकंदरीत तरुण ख्रिस्ती मुलगा प्रार्थना करी ती थोडी परक्याच्या आवाजात.

टिळक नगरला आले ते सेमिनरीत शिकवायला. गंमत अशी की ही सारी शिडी त्यांनी स्वतः चढलेलीच नव्हती. शब्बाथशाळा नाही, बोर्डिंग नाही, एन्डेव्हर नाही. ते बाहेरून, आडवाटेने आले, आणि येताना तुकाराम, ज्ञानेश्वर, भवभूती असे सगळे गाठोडे पाठीवर घेऊन आले. बाप्तिस्म्याच्या वेळी हे गाठोडे वेशीबाहेर ठेवायचे असते असे मानणारे लोक तेव्हा दोन्हीकडे होते. टिळकांनी ते ठेवले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो अशी त्यांची भावना होती, आणि ज्या पुलावरून आपण आलो तो मागाहून येणाऱ्यांसाठी मोडायचा कशाला?

सुरुवातीची काही वर्षे त्यांचा देशी बाणा कडक होता, पण ख्रिस्ती भक्तिकाव्याला खरा पूर नंतर आला. अभंग, ओव्या, पदे, आरतीच्या वळणाची गीते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. ‘अभंगांजली’ हा त्यांचा स्वतंत्र संग्रह. आकडा सोडा, परिणाम पाहा. ज्याला वाचता येत नाही अशी राहुरीकडची एखादी म्हातारी जात्यावर बसून जे गुणगुणते त्याच चालीत आता तिचा नातू देवळात गाऊ लागला. घरातला आवाज आणि देवळातला आवाज एक झाला. तरुण मुलाच्या मनात श्रद्धा रुजते ती वादविवादाने नव्हे, हे टिळकांना ठाऊक होते. वादाने ते स्वतः आले होते आणि त्या वाटेवरचे काटे त्यांना माहीत होते. गीत मात्र तोंडात बसते, नांगरामागे चालताना आठवते, तापात बरळतानाही ओठांवर येते. सेमिनरीतला विद्यार्थी परीक्षेची टिपणे विसरेल, पण टाळ-मृदंगाच्या साथीने जे म्हटले ते विसरणार नाही. याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट हे मिशनरी पुढे आपल्या संतांची चरित्रे आणि अभंग इंग्रजीत नेण्यात रमून गेले. म्हणजे टिळकांनी मोकळी केलेली ही हवा साहेबांच्या बंगल्यापर्यंतही पोहोचली होती म्हणायची.

कीर्तनाचेही तसेच. टिळक हाडाचे कीर्तनकार. उभे राहिले की पूर्वरंग, उत्तररंग, मध्येच कोटी, मध्येच डोळ्यांत पाणी. आपल्या विद्यार्थ्यांनी कागदावर लिहिलेला उपदेश वाचून दाखवण्यापेक्षा चावडीपुढे, झाडाखाली, लोकांना कळेल अशा भाषेत उभे राहावे असा त्यांचा ध्यास. आणखी एक गोष्ट त्यांनी त्या तरुणांना दिली. ती म्हणजे देश. ख्रिस्ती झाला म्हणजे साहेबाचा झाला असे समजण्याचा तो काळ. टिळकांनी देशभक्तीच्या कविता लिहिल्या आणि नाव, भाषा, वेष, साहित्य यांपैकी काहीही न टाकता आपण ख्रिस्ताचे आहोत हे रोजच्या वागण्यातून दाखवले. नगरच्या बोर्डिंगातल्या ज्या मुलाला गावात हिंदी नाही म्हणून आणि बंगल्यावर गोरा नाही म्हणून सदा अंग चोरून वावरावे लागे, त्याला ताठ उभे राहायला एवढी एक गोष्ट पुरेशी झाली असेल.

परंतु या सगळ्यापेक्षा मोठी शाळा होती ती त्यांच्या घरी. लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या. एकाच गावात असून सुरुवातीला वेगळे बिऱ्हाड, वेगळी चूल, स्पर्श-अस्पर्शाचा धाक. आणि मग हळूहळू, कुणाच्या आग्रहाने नव्हे तर स्वतःशीच वाद घालत, त्या बाईच्या मनातली जात गळून पडली. माणसाने केलेल्या भिंती देव कशाला राखील, हा विचार त्यांना एकदम उमगला, त्याची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आहे. ती पाने मी दोनदा वाचली. कुणी व्याख्यान दिले नव्हते, कुणी पुस्तक दिले नव्हते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मुलीला लग्नानंतर टिळकांनी अक्षरओळख करून दिली, आणि तीही स्वतःच्या तापट स्वभावाने अर्धवट सोडत सोडत, ती आता या घराची खरी चालक झाली.

तो काळ भीषण होता. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, आणि १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ. आईबाप मेलेली, टाकलेली मुले मिशनच्या आवारात येऊन पडत. अनाथालये भरून वाहू लागली. टिळक कुठूनही पोर उचलून घरी आणीत आणि लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात ठेवीत. घरात पीठ आहे की नाही याची चौकशी त्यांनी कधी केली असे दिसत नाही. बाजाराला दिलेले पैसे भलत्याच गोष्टीवर उडवून हसतमुखाने परत येणारा हा गृहस्थ! त्याचे औदार्य म्हणजे पुष्कळदा बायकोच्या डोक्यावरचा भार, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. मात्र त्या हसण्याखाली काय दडले आहे ते आपण वाचणाऱ्यांनी ओळखावे. तरीही दार लागले नाही. जेवायला किती पाने मांडायची हे शेवटपर्यंत ठरत नसे. सेमिनरीतल्या, शाळेतल्या मुलांना मास्तर वर्गात दिसत तसे चुलीपुढेही दिसत: रागावलेले, पश्चात्ताप करणारे, कविता सुचली म्हणून ताट सोडून उठणारे, प्रार्थना करताना लहान मुलासारखे रडणारे. वर्गातला गुरू थोडाफार मुखवटा घालूनच उभा असतो. घरातला गुरू उघडा पडतो, आणि त्याच्या बोलण्यात व वागण्यात मेळ आहे की नाही हे पोरांना चटकन कळते. नगरच्या तरुणांना टिळकांचे दोष पाठ होते. म्हणूनच, मला वाटते, त्यांच्यावर विश्वास बसला.

या दाराने आत आलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावच्या या सोळा वर्षांच्या पोराने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हणून गौरवले. टिळक त्या संमेलनात होते. हिरा ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले, घरच्या मुलासारखे वाढले, रुसले, खेळले, लक्ष्मीबाईंच्या मायेत न्हाले. फुलांकडे, झऱ्याकडे, पहाटेकडे पाहण्याची टिळकांची दृष्टी या पोराच्या हाती पडली आणि गुरूच्याही पुढे गेली. आणि तरी ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. एका मिशनच्या उपदेशकाच्या घरात एक बुद्धिमान ब्राह्मण मुलगा राहतो, जेवतो, सगळ्यांचा लाडका होतो आणि जसा आला तसा परत जातो, ही साधी गोष्ट नाही. बाहेरच्या लोकांना संशय होता की पोराला बाटवतील. आतल्या काहींना कदाचित उलटी हळहळ वाटली असेल. टिळकांनी त्या मुलाला कवी होऊ दिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला, वय अवघे सत्तावीस. टिळकांना तो घाव आपल्या अखेरच्या वर्षात सोसावा लागला.

एक शंका मात्र मनातून जात नाही, ती येथेच मांडतो. नगरच्या मंडळीत बहुसंख्य कोण होते? महार आणि मांग समाजांतून आलेली खेड्यांतली माणसे. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की नावे कोणाची येतात? टिळकांची, लक्ष्मीबाईंची, त्याआधी बाबा पदमनजींची, पंडिता रमाबाईंची. उन्हातान्हात दहा दहा खेडी पायी फिरून ज्याने बाराखडी आणि प्रार्थना एकदमच शिकवली त्या एकशिक्षकी शाळेतल्या उपदेशकाचे नाव आपल्याला माहीत नाही. गावकुसाबाहेरच्या पोरांचा पहिला गुरू तोच होता. टिळकांनी दिलेली अभंगाची भाषा गोड आहे, पण ती वारसाहक्काने मिळालेल्या माणसाची भाषा आहे. हा दोष टिळकांचा नव्हे. उलट आपल्या वारशाचे कुलूप काढून त्यांनी तो वाटून टाकला, आणि अभंग तर चोखोबांचाही होता. तरी मशागत एकाची आणि नाव दुसऱ्याचे असे आपल्याकडे फार चालते, म्हणून ही नोंद.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते खऱ्या अर्थाने रेव्हरंड झाले. मुलांच्या ‘बालबोधमेवा’त ते लिहीत, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मान होता, काम होते, ह्यूमसाहेबांसारख्यांचा लोभ होता. पण पगाराचा काटा सलत राहिला. परदेशातून आलेल्या पैशावर जगणारा उपदेशक आपल्या देशबांधवांपुढे ख्रिस्ताचा साधू म्हणून उभा कसा राहील? या भूमीत धर्म सांगणारा माणूस झोळी घेऊन येतो, पगारपत्रक घेऊन येत नाही. आणि ज्या तरुणांना आपण सेवेसाठी तयार करतो त्यांना सेवा आणि नोकरी या दोन शब्दांतला फरक आपण दाखवतो का? हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारला. मला वाटते, आजही कोणत्याही शाळा-कॉलेजातल्या, कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला तो बोचेल. आम्ही शिकतो ते कशासाठी, असे घरून विचारले की आमचे उत्तर नोकरी हेच असते, आणि आमच्या घरांत ते उत्तर चुकीचे नाही. दोन वेळची भ्रांत असलेल्या उपदेशकाला पगार सोड म्हणणे सोपे नाही, हे टिळकांनाही कळत असावे. त्यांनी कुणाला सोडायला लावला नाही. स्वतः सोडला.

१९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्याला जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसमाज असावा, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचाही. ज्याला मनातून ओढ आहे पण घरदार, आईबाप, जात यांच्यापासून तोडून घ्यायचे नाही अशा तरुणाला येथे पाट मांडलेला असावा. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याने एक घर दुभंगले होते. ती जखम ते विसरले असतील असे मला वाटत नाही. दरबाराच्या कल्पनेत मला तिचीच आठवण दिसते. मिशनमधल्या अनेकांना हे रुचले नाही. बाप्तिस्म्याची रेघ पुसली तर मंडळी उरली कुठे, हा त्यांचा आक्षेप. तोही अगदीच पोकळ नव्हता, कारण सीमा नसलेला समाज फार दिवस टिकत नाही आणि दरबारही टिळकांमागे फार टिकला नाही. पण रेघेच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलाशी कसे वागायचे, हा प्रश्न रेघ राखणाऱ्यांनी सोडवला होता असेही नाही.

काम नीट उभे राहण्याआधीच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. वय सत्तावन्न. बालकवींना जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

तीन वर्षांनी, १९२२ साली, जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने नगरलाच ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. खादी, साधे जेवण, हिंदी आणि गोरे तरुण एका पंगतीला, आश्रमाची राहणी. पुढे तो पुण्याला गेला. विन्स्लोंनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले, आणि या आश्रमामागे टिळकांच्या विचारांची प्रेरणा होती हे उघड आहे. याच संघात १९२७ साली व्हेरिअर एल्विन नावाचा पंचविशीतला इंग्रज तरुण दाखल झाला. आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारे एल्विन ते हेच. तेही पुढे मंडळीच्या रेघेबाहेर गेले.

घरात मात्र एक काम अपुरे पडले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते कुणी पुरे करावे? सेमिनरीतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी होते, पंडित होते. पुढे आल्या त्या लक्ष्मीबाई, ज्यांना जोडाक्षरांनी जन्मभर छळले, ज्यांनी कधी शाळेचा उंबरा विद्यार्थिनी म्हणून ओलांडला नाही. बाकीचे बहुतेक सारे अध्याय त्यांनी रचले, आणि त्याच सुमारास ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा ‘ख्रिस्तायना’च्या शेवटाचे थोडे राहिले होते. ते मुलाने, देवदत्ताने, पुरे केले.